चुकीच्या कप्प्यातले पुस्तक

मुलांनो, असा अनुभव तुम्हाला कधी ना कधी आलाच असेल. पक्ष्यांविषयीचे एक पुस्तक तुम्हाला हवे आहे. ग्रंथपाल बाई नोंदवही पाहून सांगतात, "पुस्तक इथेच आहे, कुणी नेलेले नाही." तुम्ही कपाट उघडता. पक्ष्यांच्या कप्प्यात पाहता, वरच्या कप्प्यात पाहता, खालच्या कप्प्यात पाहता. पुस्तक नाही! आणि तीनचार महिन्यांनी तेच पुस्तक अचानक पाककृतींच्या पुस्तकांमागे सापडते. कुणीतरी घाईघाईने ते तिथे खोचून ठेवलेले असते.

ते पुस्तक चोरीला गेले नव्हते, फाटले नव्हते, वाळवीनेही खाल्ले नव्हते. तरीसुद्धा तेवढे महिने ते ग्रंथालयात असून नसल्यासारखेच होते. हजार पुस्तकांत एक पुस्तक जागा चुकले, तर ते शोधायला एकेका पुस्तकाच्या कण्यावरची चिठ्ठी वाचत जावे लागते. दहा हजार पुस्तके असतील तर? ग्रंथपालांना हे काम अधूनमधून करावेच लागते, आणि ते किती कंटाळवाणे असते हे तुम्ही त्यांनाच विचारा.

२०११ साली अमेरिकेच्या ओहायओ राज्यातल्या मायामी विद्यापीठात या कामावर एक युक्ती करून दाखवण्यात आली. (नावावरून फसू नका. मायामी शहर तेथून फार दूर, फ्लॉरिडा राज्यात आहे.) संगणकशास्त्राचे प्राध्यापक बो ब्रिंकमन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘शेल्व्हार’ नावाची एक आज्ञावली तयार केली. पुस्तकांच्या रांगेसमोर कॅमेरा असलेले साधन धरायचे. पडद्यावर ती रांग जशीच्या तशी दिसते, पण जे पुस्तक चुकीच्या जागी आहे त्याच्यावर लाल फुली उमटलेली असते. फुली पुस्तकावर नाही बरे का, फक्त पडद्यावर. खऱ्या देखाव्यावर संगणकाने काढलेले असे चित्र बसवण्याच्या तंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. मराठीत त्याला ‘संवर्धित वास्तव’ असा शब्द आहे. शब्द जड आहे, पण कल्पना सोपी आहे.

पण त्या यंत्राला कोणते पुस्तक चुकले आहे ते कळले कसे? त्याने काही पुस्तके वाचलेली नव्हती. पक्षी म्हणजे काय आणि पाककृती म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नव्हते. याचे उत्तर शोधायचे तर आपल्याला यंत्राच्या आधी माणसाकडे जावे लागेल.

पुस्तकाची ‘जागा’ ही मुळात माणसाने ठरवलेली गोष्ट आहे. १८७६ साली मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले आणि प्रत्येकाला क्रमांक दिले. विज्ञानाला ५००, त्यातल्या खगोलशास्त्राला ५२०, पक्ष्यांना ५९८. आपल्याकडे मद्रासचे शियाळी रामामृत रंगनाथन यांनी याहून वेगळी अशी द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ साली प्रसिद्ध केली. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके कुलपात ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात, आणि वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. चुकीच्या कप्प्यातले पुस्तक पाहून त्यांना काय वाटले असते, याची कल्पना करा!

तेव्हा पुस्तकाच्या कण्यावर जी चिठ्ठी असते तिच्यावरचा वर्गांक म्हणजे त्या पुस्तकाचा पत्ता. तुम्हाआम्हाला तो वाचता येतो. यंत्राला तो वाचता यावा म्हणून काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो.

पहिले उत्तर तुमच्या ओळखीचे आहे. कोणत्याही नव्या पुस्तकाचे मलपृष्ठ पाहा. तिथे जाडबारीक काळ्या रेघांची पट्टी असते. हा बारकोड. नॉर्मन जोसेफ वुडलंड या तरुणाला ही कल्पना समुद्रकिनाऱ्यावर बसून वाळूत बोटे ओढताना सुचली, आणि तो किनारा फ्लॉरिडातल्या मायामी बीचचा होता. तारायंत्राच्या मोर्स लिपीतले ठिपके आणि रेघा त्याने खाली ओढून लांब केल्या, झाल्या जाडबारीक रेघा! बर्नार्ड सिल्व्हर या मित्रासह त्याला याचे पेटंट १९५२ साली मिळाले. दुकानात मात्र ही पट्टी पहिल्यांदा वाचली गेली ती २६ जून १९७४ रोजी, ओहायओतल्या ट्रॉय गावी, च्युइंगमच्या एका पाकिटावर.

पुस्तकावरच्या पट्टीखाली तेरा आकडे असतात. २००७ पूर्वी ते दहा असत. सुरुवातीला बहुधा ९७८ असते, म्हणजे ‘ही वस्तू पुस्तक आहे’. पुढे ८१ किंवा ९३ असेल तर पुस्तक भारतातले. शेवटचा आकडा मात्र फार मजेचा आहे. तो पहारेकरी आहे. हिशेबापुरता आपण मनानेच एक क्रमांक घेऊ: ९७८८१२३४५६७८ आणि पुढे एक रिकामी जागा. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवा: ९+८+१+३+५+७ = ३३. उरलेले मिळवा: ७+८+२+४+६+८ = ३५. या दुसऱ्या बेरजेची तिप्पट १०५. एकूण १३८. याला दहाने भाग जाण्यासाठी आणखी २ हवेत, म्हणून रिकाम्या जागी २. आता लिहिताना एखादा आकडा चुकला की बेरजेला दहाने भाग जात नाही आणि यंत्र म्हणते, "चूक आहे, पुन्हा वाचा." शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पहारेकरी ओरडतो. ‘बहुतेक वेळा’ असे का म्हटले? त्या दोन आकड्यांतला फरक नेमका ५ असला, उदाहरणार्थ १ आणि ६, तर तो झोपतो. असे का, ते वहीवर करून पाहा.

हा पहारेकरी चूक ओळखतो, पण सुधारू शकत नाही. शिवाय रेघांच्या पट्टीत मावते फार थोडे. ही अडचण ग्रंथालयाच्या आधी मोटारीच्या कारखान्याला जाणवली. जपानमध्ये सुट्या भागांच्या खोक्यांवर अशा कित्येक पट्ट्या चिकटवाव्या लागत आणि कामगारांना त्या एकेक करून वाचाव्या लागत. डेन्सो या कंपनीतले अभियंते मासाहिरो हारा यांनी १९९४ साली यावर तोड काढली. हारांना ‘गो’ हा जपानी पटाचा खेळ खेळण्याची आवड होती. आडव्याउभ्या रेघांच्या पटावर काळ्यापांढऱ्या सोंगट्या मांडायच्या. माहिती एकाच दिशेने कशाला लिहायची, पटासारखी दोन्ही दिशांनी का लिहू नये? त्यातून आला तो क्यूआर कोड. हीच ती काळ्यापांढऱ्या घरांची चौकट, जी आज तुम्ही भाजीवाल्याच्या हातगाडीवर आणि बालभारतीच्या पुस्तकात पाहता. क्यूआर म्हणजे झटपट प्रतिसाद. कंपनीने याचे पेटंट घेतले खरे, पण ठरलेल्या नमुन्याप्रमाणे कोड वापरणाऱ्यांवर ते बजावायचे नाही असे ठरवले. चौकट जगभर पसरली याचे मोठे कारण हे आहे.

आता तुमचे पाठ्यपुस्तक समोर घ्या आणि चौकट नीट पाहा. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतील. चौथ्या कोपऱ्यात तसा चौकोन नाही. त्यामुळे चौकट उलटी धरा की आडवी, वरची बाजू कोणती ते यंत्राला लगेच समजते. पण पानावर इतर चित्रे आणि अक्षरे असताना हे तीन चौकोन नेमके ओळखायचे कसे? चौकोनाच्या मधोमध एक आडवी रेघ कल्पनेने ओढा. ती आधी काळ्यातून जाईल, मग पांढऱ्यातून, मग जाड काळ्यातून, पुन्हा पांढऱ्यातून आणि शेवटी काळ्यातून. या तुकड्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असे असते. रेघ उभी ओढा, तिरपी ओढा, प्रमाण तेच! हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने मासिके, पत्रके, खोक्यांवरची छपाई असे ढीगभर छापील कागद तपासले आणि छपाईत जे प्रमाण सर्वांत क्वचित येते तेच निवडले. एखाद्या शोधामागे किती साधे आणि चिकाटीचे काम असते पाहा.

सर्वांत लहान चौकटीत एका बाजूला २१ घरे असतात, म्हणजे एकूण ४४१. सर्वांत मोठीत एका बाजूला १७७. भोवती चार घरांइतकी कोरी जागा सोडावी लागते. चिठ्ठी कापताना ही कोर कापून टाकली की कोड वाचताना यंत्र अडखळते.

आता खरी करामत. चौकटीवर शाईचा डाग पडला किंवा कोपरा थोडा खरवडला, तरी ती बहुधा वाचता येते. हे कसे बरे? यामागचे गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडले. कॉम्पॅक्ट डिस्कवर चरे पडले तरी गाणे ऐकू येते ते त्यामुळेच. व्हॉयेजर २ या यानाने युरेनस आणि नेपच्यूनची छायाचित्रे पाठवली तेव्हाही हीच पद्धत कामी आली.

खरे गणित अवघड आहे, पण त्याचा गाभा खांबांच्या रांगेने समजेल. समजा, मला तुम्हाला दोनच आकडे कळवायचे आहेत: ३ आणि ५. मी सारख्या अंतरावर दोन खांब उभे करतो, एक ३ फुटांचा, दुसरा ५ फुटांचा. त्यांच्या टोकांवरून एक सरळ दोरी ताणून पुढे नेतो आणि त्या दोरीला टेकतील असे आणखी दोन खांब उभे करतो. ते ७ आणि ९ फुटांचे होतील. आता वादळात पहिला आणि चौथा खांब पडला. उरले ५ आणि ७. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. दोरी मागे ताणा, पहिला खांब ३ फुटांचा होता हे सापडले! आणि कुणी खोडसाळपणे शेवटचा खांब कापून ४ फुटांचा केला तर? तीन टोके एका रेषेत, एक खाली. लबाडी कुठे झाली ते उघड होते आणि दुरुस्तही करता येते. चौकटीतली बरीच घरे अशा ‘जादा खांबां’साठी राखून ठेवलेली असतात. छापताना आपण ठरवू त्याप्रमाणे सुमारे ७ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत मजकूर नष्ट झाला तरी तो भरून काढता येतो. मात्र ते तीन मोठे चौकोन फाटले तर हे गणित उपयोगी पडत नाही, कारण चौकट मुळात सापडतच नाही.

मग या चौकटीत सगळे पुस्तकच का भरू नये? हिशेब करू. सर्वांत मोठ्या चौकटीत नुसते आकडे ७,०८९ मावतात. अक्षरांसाठी २,९५३ बाइट जागा आहे. नेहमीच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे. म्हणजे फार तर ९८४ चिन्हे. तुम्ही वाचत आहात त्या या लेखाचा दहावा हिस्सासुद्धा त्यात मावणार नाही! चित्र, आवाज यांची तर गोष्टच सोडा.

म्हणून चौकटीत सहसा वस्तू नसते, तिचा पत्ता असतो. इथे पुष्कळ जणांची फसगत होते. फोन चौकटीसमोर धरला आणि कविता ऐकू आली की वाटते, कविता त्या चौकटीत होती. कविता दूरच्या कुठल्यातरी संगणकावर असते. चौकट फक्त तिकडे बोट दाखवते. ग्रंथालयातल्या जुन्या तालिका कार्डावर पुस्तक नसे, त्याचा क्रमांक असे, तसेच हे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली. ते २००९ साली तिथे रुजू झाले. शाळेतल्या पुष्कळ मुलींची घरची भाषा कानडी होती. त्यांच्यासाठी त्यांनी पाठ्यपुस्तकांत कोड जोडले, आणि त्या कोडमागे कविता, गोष्टी, दृक्‌श्राव्य धडे ठेवले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. दरम्यान, २०१७ साली ‘दीक्षा’ हे देशपातळीवरचे व्यासपीठ सुरू झाले होते आणि पाठ्यपुस्तकांत कोड छापले जाऊ लागले. त्या चौकटीपाशी सहा अक्षरांचा एक संकेतही छापलेला आढळेल. तो कशासाठी? कॅमेरा बिघडला तर तो हाताने भरता येतो. शिवाय ‘दीक्षा’वर त्या संकेतामागचा धडा बदलता येतो, छापलेले पुस्तक बदलावे लागत नाही. कोडमध्ये एखाद्या संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता थेट छापला आणि उद्या ते स्थळ बंद पडले, तर चौकट वाचता येते पण पोचवत कुठेच नाही. हासुद्धा चुकीच्या कप्प्यातल्या पुस्तकाचाच प्रकार झाला.

आता पडद्यावरच्या त्या लाल फुलीकडे परत येऊ. पुस्तक चुकीचे आहे हे कळले, पण फुली बरोबर त्याच्यावर कशी बसते? हात हलला तरी ती घसरत का नाही?

एक पोस्टकार्ड डोळ्यांसमोर सरळ धरा. ते आयत दिसते. आता त्याची वरची कड मागे कलवा. लांब गेलेली कड आखूड दिसू लागते. समोरचा आकार किती बिघडला आहे यावरून कार्ड किती कलले आहे हे तुमचा मेंदू क्षणात ताडतो. यंत्र तेच आकडेमोडीने करते. चौकोनी खुणेचे चार कोपरे पडद्यावर कुठे दिसतात ते ते मोजते. प्रत्येक कोपऱ्याचे आडवे आणि उभे अंतर, म्हणजे आठ आकडे हाती आले. शोधायचे किती? खूण कुठे आहे यासाठी तीन आणि ती कशी कलली आहे यासाठी तीन, असे सहा. आठ आकड्यांवरून सहा अज्ञात काढता येतात. अट एकच. खुणेचा खरा आकार आधी ठाऊक हवा. नाहीतर जवळची लहान खूण आणि दूरची मोठी खूण सारखीच दिसते. ही सारी आकडेमोड सेकंदाला साधारण तीस वेळा होते, म्हणून हात हलला तरी फुली पुस्तकाला चिकटून राहते.

ही विद्या तशी नवी नाही. १९६८ साली आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचे एक यंत्र केले होते. त्यातून समोरच्या खोलीत रेघांचा एक घन तरंगताना दिसे. यंत्र इतके जड होते की ते छताला टांगावे लागे. १९९० च्या सुमारास विमानातल्या तारा जोडणाऱ्या कामगारांना मदत व्हावी म्हणून बोइंग कंपनीत टॉम कॉडेल यांनी असाच विचार केला आणि ऑगमेंटेड रिॲलिटी हे नाव दिले. २००१ साली मार्क बिलिंगहर्स्ट, हिरोकाझू कातो आणि इव्हान पुपिरेव्ह यांनी तर एक पुस्तकच दाखवले. हातातल्या दर्शकातून पाहिले की त्याच्या पानावर घरे, माणसे उभी राहत! माझे मत विचाराल तर पानावर उभे राहणारे चित्र पहिल्यांदा फार आवडते आणि तिसऱ्यांदा पाहावेसे वाटत नाही. हृदयाचे कप्पे किंवा ग्रहांच्या कक्षा सर्व बाजूंनी फिरून पाहायच्या असतील तर गोष्ट वेगळी. पण हरवलेले पुस्तक शोधून देणारी साधी लाल फुली मला त्या नाचणाऱ्या चित्रांपेक्षा मोलाची वाटते.

त्या फुलीतही एक कोडे आहे. समजा, पुस्तके अशी लागली आहेत: १, २, ८, ३, ४, ५, ६, ७. चुकले कोणते? प्रत्येकाची जागा मोजत गेलात तर ८, ३, ४, ५, ६, ७ अशी सहाही पुस्तके चुकली असे उत्तर येईल. पण तुम्ही हसाल आणि एकटे ८ उचलून शेवटी ठेवाल. यंत्राला हे शहाणपण शिकवायचे तर सांगावे लागते: मधली काही पुस्तके वगळून चढत्या क्रमाने लागणारी जास्तीत जास्त लांब मालिका शोध. इथे ती १, २, ३, ४, ५, ६, ७ अशी आहे. मालिकेतली पुस्तके राहू देत, बाकीची उचल. आता ही रांग पाहा: ५, १, २, ७, ३, ४, ६. कमीत कमी किती पुस्तके उचलावी लागतील? दोन. कोणती, ते तुम्ही शोधा.

आणि प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर चिठ्ठी चिकटवायला माणूसच लागतो. चिठ्ठी चुकीची चिकटवली तर यंत्र चुकीच्याच पुस्तकाला बरोबर म्हणेल.

तुमच्या शाळेत इंटरनेट नसेल तरी एक गोष्ट करता येईल. चौकटीत पत्त्याऐवजी सरळ मजकूरच भरायचा. शंभर-सव्वाशे चिन्हांत ‘हे पुस्तक मी का वाचले’ असे दोन वाक्यांत लिहा. चिन्हे जितकी वाढतील तितकी घरे बारीक होतील, म्हणून थोडक्यात. त्याची चौकट छापून पुस्तकाच्या आतल्या बाजूस चिकटवा आणि खाली पुस्तकाचा दाखल क्रमांक साध्या आकड्यांत लिहा. वाचताना ना जाळे लागते, ना पत्ता बदलण्याची भीती. पत्ता असलेल्या चौकटींच्या बाबतीत मात्र एक सवय लावून घ्या. चौकट डोळ्यांनी वाचता येत नाही, आणि एका चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी चिकटवणे सोपे असते. म्हणून फोन जो पत्ता दाखवतो तो आधी वाचायचा, मगच उघडायचा.

उद्या मधल्या सुट्टीत एका कप्प्यासमोर उभे राहून कण्यांवरचे वर्गांक कागदावर ओळीने उतरवा. सर्वांत लांब चढती मालिका शोधा आणि उरलेल्या पुस्तकांपुढे लाल पेन्सिलीने फुली करा. पुस्तके हलवण्याआधी तो कागद ग्रंथपाल बाईंना दाखवा मात्र. एखादे पुस्तक त्यांनी मुद्दामच तिथे ठेवलेले असायचे.